मैनाबाईचं आठवं मिनिट

दामिनीची आई आशाबाई मोठी शांत बाई. जग इकडचं तिकडं होवो, तिच्या हातातली सुई काही थांबत नाही. बुधवारी सकाळी ओट्यावर झेंडूचे हार गुंफत बसली होती आणि मान वर न करताच तिने विचारलं, "त्या गजूले फोन लागला का वं तुहा?"

दामिनी तेव्हा मोबाईल काठीला बांधून शेवंतीच्या वाफ्यापुढे उभी होती. अमरावतीहून नांदगाव खंडेश्वरकडे जाताना दहा-बारा किलोमीटरवर त्यांचं फुलांचं आणि भाजीचं वावर. फुलं तोडता तोडता दामिनी व्यापाऱ्यांची, हवामानवाल्यांची आणि सापडेल त्याची खरडपट्टी काढते, आणि ती ऐकायला तिच्या चॅनेलवर नव्वद हजार माणसं जमलेली आहेत. तोंड असं की वांग्यालाही घाम फुटावा.

"कोणता गजू?"

"अकोल्याचा. मैनाबाई होते तो."

गजेंद्र हा तीस वर्षांचा पोरगा लुगडं नेसून, पांढरा टोप लावून मैनाबाई नावाची खट सासू व्हायचा. आरडाओरडा, सुनेचा उद्धार, शेजारणीशी भांडण. अमरावती-अकोल्यात लग्नाच्या पंगतीतही लोक मैनाबाईचे टोमणे मारतात, इतका तो घरोघरी पोचलेला.

"त्याले कायले फोन लावू?" दामिनी म्हणाली.

"अवं, रडून राह्यला होता ना तो. फोन करा म्हणे मले. म्या काल दुपारी पाह्यलं. खाली सगळ्यात वरती तुहंच नाव होतं, मंग मले वाटलं तू केलाच असशीन."

"आई, कॉमेडी असते ते. रडणं बी कॉमेडीच असते त्याचं."

आशाबाईने सुई खाली ठेवली. "दोन वर्षं झाली, मी त्या पोराले रोज पाहून राह्यली. हसवायचं रडणं मले समजते. हे तसं नव्हतं."

आईच्या हातची सुई थांबली, हे दामिनीने पाहिलं. तिने काठीवरचा मोबाईल सोडला आणि रविवारचा व्हिडिओ उघडला. 'मैनाबाई अन् सुनेचं मिक्सर', अकरा मिनिटं. सवयीने तिचं बोट व्हिडिओ पुढे पळवायला गेलं, पण आई शेजारी येऊन उभी राहिली होती. बोट आवरावं लागलं.

सात मिनिटं मैनाबाईने मिक्सरला शिव्या दिल्या. आठव्या मिनिटाला बोलता बोलता ती मधेच थांबली. गजूने डोक्यावरचा टोप काढला आणि मांडीवर ठेवला. कपाळावर कुंकू तसंच होतं. म्हणाला, "इथवर कोणी पाह्यलं असन तर मले एक फोन करा. नंबर खाली हाय. गंमत नाही करून राह्यलो. मले आता जगावंसं नाही वाटून राह्यलं. कोणाले सांगाव तेच समजत नाही, म्हणून इथं सांगून राह्यलो." मग तो नुसता बसून राहिला. डोळे पुसले नाहीत, काही नाही. मागे खिडकीत पाण्याची टाकी दिसत होती, एक कावळा येऊन बसला आणि उडून गेला. बराच वेळ असं चाललं आणि व्हिडिओ संपला.

दामिनीला खाली वाचायची छाती होईना, तरी तिने वाचलं. सगळ्यात वर तिचीच कमेंट, शेजारी हसून लोळणारे तीन चेहरे. 'हसून हसून पोट दुखलं भाऊ, असंच हसवत राहा.' तिच्याखाली त्यांच्या ग्रुपच्या बावीस जणांच्या तशाच. 'मैनाबाई एक नंबर.' 'लय भारी, मजा आली.' 'भाऊ तुमच्यासारखं कोणी नाही.' त्यांच्याखाली हजारो अनोळखी लोक, आणि वर सगळे हसताना पाहून तेही हसलेले. कोणी लिहिलं होतं, 'ॲक्टिंग जबरदस्त, डोळ्यात पाणी आलं.' एका पोरीने तेवढं विचारलं होतं, 'दादा, हे खरं हाय का?' तिला खाली एकाच बाईने उत्तर दिलं होतं. 'थांबा थांबा, पुढच्या भागात समजन.' पुन्हा तेच लोळणारे चेहरे. उत्तर देणारीचं नाव दामिनी.

ते तिनेच लिहिलं होतं. प्रश्न कशाबद्दल आहे हे न पाहता, रविवारी संध्याकाळी मेथीच्या जुड्या बांधता बांधता. माणूस मदत मागत होता आणि विचारायला आलेल्या एकुलत्या एका पोरीला हिने दारातूनच वाटेला लावलं होतं.

आता हे झालं कसं, तर ऐका, कारण हे पाप दुसऱ्या कोणाच्या डोक्यातून निघालं नव्हतं. दोन वर्षांपूर्वी अकोल्याच्या श्यामला लोकांनी त्याच्या तोतरेपणावरून इतकं चिडवलं, की त्याने व्हिडिओ सोडले, घराबाहेर पडणं सोडलं, जेवण सोडलं. तेव्हा दामिनीनेच व्हिडिओ करणाऱ्या चोवीस जणांचा, गजूसकट, ग्रुप बांधला. नाव ठेवलं 'एकमेकांचा आधार'. दर रविवारी सगळे फोनवर जमायचे, प्रत्येकाने आपलं मन मोकळं करायचं. श्याम त्यातूनच उभा राहिला, हे काही खोटं नाही.

पण चार महिन्यांत रविवारचे फोन कमी झाले. मग दामिनीच्या ध्यानात आलं, की पहिल्या अर्ध्या तासात ज्याच्या खाली गर्दी होते त्याचा व्हिडिओ लोकांपुढे सरकत जातो. तिने नियम केला. लिंक पडली, की पंधरा मिनिटांत लाईक आणि निदान चार शब्दांची कमेंट. हाच आधार. तीनदा चुकला तो ग्रुपबाहेर. तिने स्वतः चौदा तयार कमेंटा मोबाईलमध्ये जपून ठेवल्या होत्या, एकेक चिकटवायची आणि पुढे जायची. कोणी कुरकुर केली तर तिचं उत्तर ठरलेलं, 'पाहायले वेळ नसन तर नका पाहू, पण कमेंट चुकवू नका.' सगळ्यांना हे पटलं होतं. पटणारच, चोवीस जणांचे व्हिडिओ पूर्ण पाहायचे तर स्वतःचे कधी करणार?

तिने गजूला फोन लावला. बंद. परत लावला. बंद. व्हिडिओ रविवारचा, आज बुधवार. मधल्या तीन दिवसांत त्याने ग्रुपवर एक अक्षर लिहिलं नव्हतं, कोणाच्या लिंकवर कमेंटही टाकली नव्हती. हे मात्र दामिनीला आधीच माहीत होतं. सोमवारी तिने त्याच्या नावापुढे खूण करून ठेवली होती. पहिली चूक, म्हणून.

श्यामला फोन केला तर तो नागपुरात. "ताई, म्या पाह्यलाच नाही," एवढं बोलून तो रडायला लागला. मग पातूरचा धर्मेंद्र. "ताई, तुमीच म्हटलं होतं ना..." त्याने वाक्य अर्धं सोडलं. तोही रडला. दामिनीने पोलिसांचा एकशे बारा नंबर फिरवला. पलीकडच्या बाईने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "पत्ता सांगा."

ज्याला ती दोन वर्षं रोज 'भाऊ' म्हणत होती, तो अकोल्यात कोणत्या भागात राहतो, एकटा राहतो की कोणाबरोबर, हे तिला माहीत नव्हतं. त्याच्या घरचं एकही नाव माहीत नव्हतं. मैनाबाईच्या सुनेचं नाव, शेजारणीचं नाव, बकरीचं नावसुद्धा पाठ होतं.

"पत्ता मिळाला की लगेच सांगा, गाडी पाठवतो," बाई म्हणाली.

पत्ता निघाला अंकुरकडे, तोही अर्धामुर्धा. अंकुर बडनेऱ्याचा, ट्रॅक्टर आणि पेरणीयंत्रांची पारख करून दाखवणारा ग्रुपमधला पोरगा. त्याने वर्षभरापूर्वी गजूला कॅमेऱ्याचा ट्रायपॉड नेऊन दिला होता. "गल्लीचं नाव नाही ठाऊक ताई, पण पायाले रस्ता ठाऊक हाय," म्हणाला, आणि अर्ध्या तासात कार घेऊन वावराशी हजर झाला. आशाबाईने कारच्या खिडकीतून आत वाकून एवढंच म्हटलं, "पोरगा भेटला, की पहिले त्याले जेवू घाला. बोलणं मागून करा."

मूर्तिजापूर मागे पडलं. मग अंकुर म्हणाला, "ताई, आपण पोचू अन्..."

"पुढं बोलू नको," दामिनी म्हणाली. अंकुरचं वाक्य मनात आपोआप पुरं होत होतं आणि ती प्रत्येक वेळी ते खोडत होती. आपल्या व्हिडिओखाली कोणी वाकडं लिहिलं की आपण दोन दिवस जेवत नाही, हे तिला आठवलं. गजूने एकदा तिची रात्रभर समजूत घातली होती. त्याने तेव्हा कमेंट नव्हती टाकली, फोन केला होता.

अकोल्यात शिरल्यावर अंकुरने दोनदा वाट चुकवली. तिसऱ्यांदा व्हिडिओतली ती पाण्याची टाकी दिसली आणि दामिनी कार थांबायच्या आत उतरली. दुमजली घर, बाहेरून लोखंडी जिना. वरच्या दारापुढे एक म्हातारा माणूस खुर्ची टाकून पेपर वाचत बसला होता. पांढरा शर्ट, चष्मा नाकावर घसरलेला.

"कोण पाह्यजे?"

"गजेंद्र... इथंच राह्यते ना?"

"राह्यते," म्हातारा म्हणाला.

'राहत होता' नाही म्हणाला. दामिनीचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच पायरीवर बसली. अंकुरने कठड्यावर डोकं टेकलं.

"झोपला हाय. आवाज करू नका," म्हातारा म्हणाला. "काल डॉक्टरकडं नेलं होतं, मनाच्या डॉक्टरकडं. चांगली बाई हाय. तासभर बोलली त्याच्यासंग, गोळ्या देल्ल्या. एकटं ठेवू नका म्हणे. त्याचा बाप गावावरून निघाला, तवरक मी बसलो. फोन म्याच बंद करून ठेवला, सारखा टुंग टुंग करे."

"तुमी त्याचे कोण?"

"कोणीच नाही. मी वामनराव. एसटीत कंडक्टर होतो. तुमी मले ओळखता ना बाई. मी तुमाले आवाजावरून ओळखलं." त्याने पेपरची घडी घातली. "'जुना कंडक्टर' नावानं मी खाली लिहीत असे."

जुना कंडक्टर. मैनाबाईच्या प्रत्येक व्हिडिओखाली ह्याची पिंक पडलेली असायची. 'मैनाबाईले काष्टा घालता येत नाही.' 'चौथ्या मिनिटाले चष्मा होता, पाचव्याले गेला कुठं?' 'आज हसू आलं नाही.' दामिनीने त्याला विषारी माणूस ठरवलं होतं. तिच्या सांगण्यावरून ग्रुपच्या तेवीस जणांनी त्याच्या नावाने तक्रारी ठोकल्या आणि चार दिवसांत त्याचं खातं बंद पडलं. त्या दिवशी ग्रुपवर पेढे वाटले होते, चित्रातले.

"तुमाले कसं समजलं?" तिने विचारलं.

"कसं म्हणजे? पाह्यला म्हणून समजलं." वामनराव तिच्याकडे असं पाहू लागला, की जणू तिने विनातिकीट प्रवास केला होता. "खोडी काढायची तर पुरा पाहाव लागते ना बाई. तुमी खातं बंद पाडलं, मंग पाहाता येते पण लिहिता येत नाही. खरं सांगू का, लिहिता आलं असतं तर म्या बी खाली लिहिलं असतं, बाबू काळजी घे. अन् जेवून झोपलो असतो. लिहिता येईना म्हणून फोन लावला. उचलेना, म्हणून सोमवारी उठलो अन् आलो. खिडकीतून टाकी दिसे. बाकी मंग विचारत विचारत."

तेवढ्यात दार करकरलं. गजू उभा होता. बनियन, डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. त्याने दामिनीला पाहिलं आणि त्याची पाठ आपोआप वाकली, एक हात कमरेवर गेला आणि घशातून मैनाबाई निघाली. "अवं माय, अमरावतीची पाव्हणी आली अन् घरात साखरेचा दाणा नाही."

दामिनी हसली. खरंच हसली, खळखळून, आणि अंकुरही हसला. स्वतःचं हसू कानावर पडलं तेव्हा ती हादरली. तिने तोंडावर हात दाबून धरला. इथे कसं हसू आलं आपल्याला, मेली लाज कशी नाही वाटली?

"हसू नका," वामनराव म्हणाला. "अन् तू बी सरळ उभा राह्य. तुले कोणी तिकीट काढून पाहायले नाही आलं."

गजू सरळ झाला. चेहऱ्यावरची मैनाबाई गेली आणि खाली जे उरलं, ते दामिनीने याआधी एकदाच पाहिलं होतं, आज सकाळी.

"गजू, म्या पाह्यला नव्हता रे तो व्हिडिओ," ती म्हणाली.

"मले माहीत हाय ताई." तो रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं. "तुमची कमेंट पयल्याच मिनिटात आली. म्या आठव्यात बोललो होतो. मोबाईल हातात धरून बसलो होतो मी. तेवीसच्या तेवीस आल्या, तवा आठवं मिनिट कोणाचंच आलं नव्हतं. मंग त्या पोरीनं विचारलं, अन् तिच्याखाली तुमी..."

"नको सांगू."

"सांगू द्या त्याले," वामनराव म्हणाला. "इतके दिवस तेच तर नाही झालं."

गजू उंबऱ्यावर बसला आणि सांगत राहिला. लोक रस्त्यात अडवून मैनाबाई करायला लावतात, हे. घरात आल्यावर बोलायला स्वतःचा आवाज सापडत नाही, हे. आठवडाभर झोप नाही, हे. दामिनीला आईचं जेवणाचं आठवलं होतं, पण तो बोलत होता तोवर उठणं तिच्या जिवावर आलं. शेवटी गजू म्हणाला, "तुमाले कायले नाव ठेवू? म्या तरी कोणाचा पुरा पाह्यला? दोन वर्षांत एक नाही. म्या बी तेच चिकटवत होतो, भारी भारी."

त्याचं बोलणं संपतं न संपतं तोच दामिनीचा आणि अंकुरचा फोन एकदमच वाजला. ग्रुपवर लिंक पडली होती. चांदूर रेल्वेच्या रागिणीची. रागिणी रांगोळ्या शिकवणारी पोर, पदवीच्या शेवटच्या वर्षाला, ग्रुपमध्ये सगळ्यात लहान आणि सगळ्यात कमी बोलणारी. 'दारापुढची सोपी रांगोळी', नऊ मिनिटं.

दामिनीने पाहिलं तोवर खाली कमेंटा पडायला लागल्या होत्या. एक, चार, नऊ. 'ताई हातात जादू हाय.' 'एक नंबर.' श्याम होता त्यात. धर्मेंद्रही होता. सकाळी फोनवर रडलेले दोघेही. दहावी आली आणि दामिनीने मान वळवून शेजारी पाहिलं. अंकुर पायरीवर डोळे पुसत उभा होता. एका हाताने डोळे पुसत होता आणि दुसऱ्या हाताचा अंगठा मोबाईलवर होता.

"अंकुर."

त्याने मोबाईलकडे असं पाहिलं, की जणू तो त्याचा नव्हताच. "बोट गेलं ताई," तो म्हणाला. "मले समजलंच नाही."

गजू उंबऱ्यावरून उठला. "फोन लावा तिले," तो म्हणाला. "आताच लावा, ताई."

व्हिडिओ येऊन दोन मिनिटंही झाली नव्हती. त्यात काय आहे हे कोणालाच माहीत नव्हतं, रांगोळीच असेल, नव्याण्णव टक्के रांगोळीच असेल. दामिनीने नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"रागिणी, मी दामिनी. तुहा व्हिडिओ म्या नाही पाह्यला," ती म्हणाली. "तू कशी हायस, ते विचारायले फोन केला."

पलीकडे मागे कुठे तरी कुकरची शिट्टी झाली. मग ती पोर अगदी हळू आवाजात म्हणाली, "कोणी सांगितलं तुमाले?"